पंचवीस वर्षांची सुट्टी

गोवा-महाबळेश्वरच्या विश्रामधामांत दरवर्षी एक आठवडा राहण्याचा हक्क पंचवीस वर्षांसाठी विकण्याचा व्यवसाय आपल्या मध्यमवर्गाला आता अपरिचित राहिलेला नाही. भेटवस्तूच्या आमिषाने कुटुंबाला हॉटेलात बोलवायचे आणि ‘सवलत आजच्यापुरतीच’ असे सांगून सही घ्यायची, ही त्याची रीत. हा हक्क कंपनीकडून घ्यावा की जुन्या सभासदाकडून, या प्रश्नाचे उत्तर बाजारच देतो. कंपनीच्या किमतीत भेटवस्तू, जाहिरात आणि विक्रेत्याचे कमिशन अंतर्भूत असते. सभासद तोच आठवडा विकू लागला की या खर्चाचे मोल कोणीही देत नाही. अमेरिकेत तर देखभाल-शुल्काचे ओझे टळावे म्हणून अनेकजण आपले आठवडे नाममात्र किमतीला देऊन टाकतात. सहलीला न जाणाऱ्यालाही ते शुल्क चुकत नाही.

म्हणजे जुन्याकडून घेणे स्वस्त खरे, पण निर्धोक नव्हे. थकबाकी, हस्तांतराचे शुल्क, उरलेली वर्षे आणि नव्या धारकाला नाकारलेल्या सोयी यांची लेखी खातरजमा करावी लागते. ‘गिऱ्हाईक आणून देतो’ म्हणत विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे उकळणारे दलाल निराळेच.

युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशाने खरेदीदाराला १४ दिवसांत करार मोडण्याची मुभा दिली, त्या मुदतीत पैसे घेण्यास मनाई केली आणि पुनर्विक्रीच्या दलालालाही प्रत्यक्ष विक्रीपूर्वी मोबदला घेण्यास बंदी घातली. असेच निर्बंध भारतातही हवेत. विश्रांती हा श्रमणाऱ्याचा हक्क आहे. तो हप्त्यांपायी गहाण पडता कामा नये.