धोटा तिथला आणि इथला

इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात बर्नली गावाजवळ क्वीन स्ट्रीट मिल नावाची कापडगिरणी आहे. १८९४ साली तिथल्या कामकरी लोकांनी स्वतः भाग विकत घेऊन ती उभारली. १९८२ साली ती बंद पडली व पुढे तिचे संग्रहालय झाले. २०१६ साली पैशाअभावी तेही बंद झाले होते, पण पुन्हा उघडले. तेथे पाचशे अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन आहे. नाव 'पीस', म्हणजे शांतता! ते फिरू लागले की छताखालचे दांडे फिरतात, पट्टे फिरतात आणि माग धडधडू लागतात. असे सुमारे तीनशे माग आहेत. त्या गोंगाटात कानाचा उपयोग नसे, म्हणून विणकर बाया एकमेकींचे ओठ वाचून बोलत.

पण वाचकहो, आम्हाला सांगायचे आहे ते या मागावरच्या धोट्याबद्दल. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. इंग्रज कामगार त्याला 'धोट्याचे चुंबन' म्हणत. एकच धोटा अनेकांच्या तोंडी जाई. रोगाच्या भीतीने तिकडे ओरड झाली. १९५२ साली त्याविरुद्ध नियमही झाले.

मुंबईच्या गिरण्यांतही हीच रीत होती. इथे मात्र रोगापेक्षा विटाळाची भीती मोठी ठरली! अस्पृश्याच्या ओठांचा धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, म्हणून स्पृश्य विणकरांनी आपल्या माणसांना विणकाम खात्यात शिरूच दिले नाही. चांगली मजुरी नेमकी त्याच खात्यात. आपल्या वाट्याला कताईचे रिंग खाते आणि तुटपुंजा पगार. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घाला, असा आग्रह धरला. मालकाविरुद्ध सगळे एक आणि धोट्यापाशी वेगळे, हे कसे चालावे?

क्वीन स्ट्रीट बंद पडली त्याच १९८२ साली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. पुढे आपल्या बहुतेक गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. तिकडे लोक तिकीट काढून धोटा पाहतात. इकडे तो कुणाच्या तरी माळ्यावर पडला असेल. ज्यांचे आजोबा-पणजोबा गिरणीत होते, त्यांनी त्यांचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, फोटो जपून ठेवावा आणि फोटोच्या मागे नावाबरोबर खाते कोणते होते तेही लिहावे.