तारीख महत्त्वाची की मुले?

बालवीर चळवळीच्या पहिल्या शिबिराची १२०वी वर्षतिथी १ ऑगस्ट २०२७ रोजी येते. त्याच सुमारास पोलंडमधील ग्दान्स्क शहरालगतच्या सोबिएशेवो बेटावर सव्विसावा जागतिक बालवीर मेळावा, म्हणजे या चळवळीच्या परिभाषेत ‘जांबोरी’, भरविण्याचे ठरले आहे. आपल्याकडे ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झालेल्या ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ या संस्थेला पंचाहत्तर वर्षे झाली, त्या निमित्ताने नोव्हेंबर २०२५ मध्ये लखनौला राष्ट्रीय जांबोरी झाली. वर्धापनाचे वर्ष आले की हजारो मुलांचे शिबिर भरवावयाचे, हा प्रघात जगभर रुजला आहे. प्रघात वाईट नाही. परंतु अशा शिबिराची आखणी कोणासाठी आणि कोणत्या क्रमाने करावयाची, हा प्रश्न मात्र दर वेळी नव्याने विचारला गेला पाहिजे. कारण २०२३ साली तो विचारला गेला नाही आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागली.

मुळात ज्या घटनेचे स्मरण करावयाचे ती किती लहान होती! १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी अवघ्या वीस मुलांना आठ दिवस तंबूत ठेवले. पाच-पाच मुलांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाचा नायक मुलांमधूनच नेमला. सधन घरांतील विद्यार्थी आणि पूल व बोर्नमथ येथील कामकरी वस्तीतील मुले एकत्र राहिली. सधनांकडून एक पौंड आणि इतरांकडून साडेतीन शिलिंग इतके शुल्क घेण्यात आले. व्यासपीठ नव्हते, प्रमुख पाहुणे नव्हते, संचलनाची मानवंदना नव्हती. पाणी कोठून आणावयाचे आणि चूल कोठे मांडावयाची, यातच शिबिराचे शिक्षण होते.

पुढे चळवळ वाढली तसे उत्सवही वाढले. ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ या ग्रंथाच्या प्रकाशनाला एकवीस वर्षे झाली म्हणून १९२९ साली बर्कनहेडजवळच्या ॲरो पार्कमध्ये सुमारे तीस हजार मुले जमली आणि पावसाने चिखल झालेल्या मैदानात त्यांनी आपला मुक्काम पुरा केला. १९५७ साली सटन पार्कमध्ये चळवळीचा सुवर्णमहोत्सव आणि संस्थापकांची जन्मशताब्दी एकाच वेळी साजरी झाली. २००७ साली एसेक्स परगण्यातील हायलँड्स पार्कमध्ये शताब्दीनिमित्त सुमारे चाळीस हजारांचा मेळा भरला, आणि १ ऑगस्टच्या सकाळी ब्राउन्सी बेटावर निरनिराळ्या देशांच्या बालवीरांनी आपल्या वचनाचा पुनरुच्चार केला. तेव्हा मोठा मेळावा यशस्वी होऊच शकत नाही, असे म्हणण्यास इतिहासाचा आधार नाही. चिखल, पाऊस, थंडी यांच्याशी चार दिवस झगडणे हा तर शिबिराचा धर्मच होय. पण कष्ट सोसावयास शिकविणे वेगळे आणि मुलांना संकटात लोटणे वेगळे. हा भेद २०२३ साली दक्षिण कोरियात विसरला गेला.

सेमांगुम येथील पंचविसाव्या जागतिक जांबोरीची हकिगत नियोजन करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये बाकू येथील परिषदेत ग्दान्स्कचा दावा मागे सारून कोरियाची निवड झाली होती. हाताशी सहा वर्षे होती. स्थळ निवडले ते समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवरचे: सपाट, सावलीला एक मोठे झाड नाही, पावसाचे पाणी मुरण्यास वा वाहून जाण्यास वाव नाही. या भागाच्या विकासकामांना जांबोरीच्या निमित्ताने गती मिळावी हाच स्थळनिवडीमागील हेतू होता, अशी टीका पुढे कोरियातच झाली. दीडशेहून अधिक देशांतील सुमारे ४३ हजार जण १ ऑगस्टपासून तेथे जमले. पारा ३५ अंशांकडे गेला होता. उद्घाटनाच्या एका कार्यक्रमातच शंभराहून अधिक जणांना उष्म्याचा त्रास होऊन उपचार घ्यावे लागले. साचलेल्या पाण्यावर डास, अस्वच्छ शौचालये आणि अपुरी वैद्यकीय व्यवस्था यांच्या तक्रारी येऊ लागल्या. सुमारे साडेचार हजारांच्या ब्रिटिश तुकडीने तळ सोडून सोलमधील हॉटेले गाठली. अमेरिका आणि सिंगापूर यांनीही तोच मार्ग पत्करला. अखेर वादळ येत असल्याने ८ ऑगस्टला साऱ्या मुलांना हजारांवर बसगाड्यांतून हलवावे लागले. तरीही समारोपाचा संगीतसोहळा मात्र ११ ऑगस्टला सोलच्या फुटबॉल मैदानावर साग्रसंगीत पार पडला. शिबिर मोडले, समारंभ टिकला!

या अपयशाचे खापर केवळ उन्हावर आणि वादळावर फोडता येणार नाही. कोरियात ऑगस्टमध्ये ऊन असते आणि वादळेही येतात, हे कोणास नवे नव्हते. दोष होता तो जबाबदारीच्या विभागणीत. संयोजन समितीला पाच सहअध्यक्ष होते. त्यांत मंत्री होते, लोकप्रतिनिधी होते. पाच जणांनी मान वाटून घेतला की जाब कोणालाच विचारता येत नाही, हा सार्वजनिक व्यवहारातील जुना अनुभव आहे. त्याहूनही गंभीर गोष्ट म्हणजे रंगीत तालीम झालीच नाही. मुख्य मेळाव्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्याच तळावर छोटे पूर्वशिबिर घ्यावयाचे होते. कोविडच्या साथीचे कारण देऊन ते रद्द करण्यात आले. तळावरील कामेही तोवर पुरी झालेली नव्हती. जी परीक्षा उणिवा दाखविण्यासाठीच असते ती टाळावयाची आणि मुख्य समारंभाची तारीख मात्र ढळू द्यावयाची नाही, असा हा उफराटा न्याय होता.

वर्धापनाच्या उत्सवातील खरा धोका येथेच आहे. तारीख पंचांगाने ठरविलेली असते. निमंत्रणे गेलेली असतात, पाहुण्यांचे दौरे निश्चित झालेले असतात. मग तारीख हीच अढळ वस्तू ठरते आणि पाणी, निचरा, औषधे, सावली यांनी तिच्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा धरली जाते. वास्तविक बालवीर चळवळीच्या इतिहासाने उलट धडा दिला आहे. १९७९ साली इराणमध्ये भरावयाची जागतिक जांबोरी तेथील क्रांतीमुळे रद्द झाली. तिच्याऐवजी देशोदेशी लहानमोठी शिबिरे घेण्यात आली आणि पंधरावी जांबोरी १९८३ साली कॅनडात भरली. त्यामुळे चळवळ खचली नाही, की तिची प्रतिष्ठा उणावली नाही. एखादा समारंभ पुढे ढकलणे वा विभागून घेणे ही नामुष्की नव्हे. ‘तयार राहा’ या ब्रीदवाक्याचा तोही एक प्रामाणिक अर्थ आहे.

मेळावा भरवावयाचाच असेल तर त्याचे गणित पाण्यापासून सुरू झाले पाहिजे. आपद्ग्रस्तांच्या छावण्यांसाठी आंतरराष्ट्रीय सेवासंस्थांनी माणशी रोज पंधरा लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक शौचालय असे किमान प्रमाण मानले आहे. चाळीस हजारांच्या शिबिराला या हिशेबाने रोज सहा लाख लिटर पाणी आणि दोन हजार शौचालये लागतात. निर्वासिताला जे किमान मिळावे असे जग मानते, त्याहून कमी देऊन मुलांना उत्सवाला बोलावणे कोणत्या नियमात बसते? हा हिशेब कागदावर जमत नसेल तर संख्या कमी करावी. संख्येचा विक्रम हा नियोजकांचा आनंद असतो. रात्री दोन वाजता तंबूतून उठलेल्या बारा वर्षांच्या मुलीला जवळ दिवा आणि पाणी हवे असते.

दुसरी गोष्ट मुलांच्या सहभागाची. मोठ्या मेळाव्यात मुले प्रेक्षक होतात. सकाळी रांग, दुपारी भाषण, सायंकाळी नृत्य असा दिवस गेला तर शिबिराचे प्रयोजनच उरत नाही. मेळावा कितीही मोठा असला तरी तो ब्राउन्सीसारख्या लहान गटांचा बनलेला असला पाहिजे. स्वयंपाक, स्वच्छता आणि शेकोटी ही कामे त्या गटांकडेच राहिली पाहिजेत. शुल्काचा विचारही तितकाच महत्त्वाचा. १९०७ साली जे एक पौंड आणि साडेतीन शिलिंग यांच्या भेदाने साधले, ते आज साधले नाही तर तालुक्याच्या शाळेतील मुलगा वर्गणीच्या आकड्यापाशीच अडेल आणि बंधुभावाचा उत्सव ऐपतीचा उत्सव होईल.

तिसरी आणि आपल्याकडे सर्वांत निकडीची गोष्ट शिक्षकांच्या अधिकाराची आहे. ब्रिटिश तुकडीच्या प्रमुखांना तळ सोडण्याचा निर्णय घेता आला, कारण मुलांची अंतिम जबाबदारी आपली आहे, यजमानांची नव्हे, हे ते जाणून होते. आपल्या शाळेतून मुले घेऊन जाणाऱ्या शिक्षकाला असा निर्णय घेता येईल काय? पालकांच्या संमतिपत्रावर त्याचा शब्द असतो, पण परतीचा निर्णय वरून येणाऱ्या आदेशावर अवलंबून असतो. व्यवस्था असह्य झाल्यास तुकडी परत आणण्याचा हक्क शिक्षकाला आगाऊ आणि लेखी दिला जावा. तो वापरल्याबद्दल त्याच्यावर कारणे दाखविण्याची पाळी येऊ नये. असा हक्क असणे हाच संयोजकांवरील सर्वांत परिणामकारक अंकुश ठरेल.

अशा मेळाव्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परप्रांतातील, परदेशातील मुलाबरोबर एका पातेल्यात भात शिजविण्याचा अनुभव कोणतेही पाठ्यपुस्तक देऊ शकत नाही. म्हणूनच तो अनुभव नियोजनाच्या ढिसाळपणावर उधळला जाता कामा नये. २०१७ साली मागे पडलेल्या ग्दान्स्कला सेमांगुमनंतरचा मेळावा भरविण्याची जबाबदारी मिळाली आहे. तेथील संयोजकांनी आणि भारतातील पुढच्या प्रत्येक मेळाव्याच्या संयोजकांनी पूर्वशिबिर टाळू नये, त्यात दिसलेल्या उणिवा उघडपणे मांडाव्यात आणि त्या दूर झाल्याखेरीज मुलांना बोलावू नये. वर्धापनदिन दर वर्षी येतो. तो एखाद्या वर्षी थोडा उशिरा साजरा झाल्याने कोणाचेही नुकसान होणार नाही.