नारळीकर स्टेटसला, कालसर्प त्र्यंबकला

मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले, तेव्हा आमच्या टीममधल्या एका पठ्ठ्याने त्यांचा फोटो स्टेटसला लावला होता. 'महान शास्त्रज्ञास आदरांजली' वगैरे. परवा त्याच पठ्ठ्याने सुट्टी टाकली. कशाला? तर त्र्यंबकेश्वरला कालसर्पशांती करायला! बी.ई. कंप्युटर झालेला माणूस.. आणि सगळे ग्रह राहू-केतूच्या एका बाजूला आले म्हणून प्रमोशन अडलंय म्हणे.

त्र्यंबकराजाला माझा नमस्कारच आहे. पावसाळ्यात ब्रह्मगिरी बघितला की आपोआप हात जोडले जातात. माझं भांडण पत्रिकेशी आहे.

नारळीकर म्हटलं की आपल्याला आठवतं केंब्रिज, रँग्लर, हॉइल, 'आयुका'. पण २००८ साली त्यांनी केलेली साधी गोष्ट कोणी सांगत नाही. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्यासोबत त्यांनी २०० मुलांच्या पत्रिका वापरल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या, कोणती कुठली ते ओळखा. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. अहो, नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आले असते! २००९ मध्ये 'करंट सायन्स'ने हे छापलंय.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "नारळीकर तरी कुठे बरोबर होते? महास्फोट मानला नाही त्यांनी." ठीक आहे. मलाही ते हट्टी वाटतात. १९६५ मध्ये आकाशात सगळीकडून येणारं मायक्रोवेव्ह प्रारण सापडलं, बहुतेकांनी स्थिर विश्वाचा नाद सोडला. यांनी मात्र १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्याची सुधारित आवृत्ती काढली. पण काय सापडलं तर ते स्थिर विश्व कोसळेल हे सांगता येत होतं, म्हणून तर ते कोसळलं. कालसर्प कशाने खोटा ठरेल, सांगा बघू?

तसा हा कालसर्प शनिवारी दुपारी कोड लिहून तपासता येईल. राहू-केतू ग्रह नव्हेतच. पृथ्वीच्या कक्षेची पातळी चंद्राची कक्षा जिथे छेदते ते दोन बिंदू. बाकी सात जण एकाच बाजूला यायची शक्यता, सगळे सुटे फिरतात असं धरलं तर ६४ त १. बुध-शुक्र सूर्याला सोडून लांब जात नाहीत, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. आमच्या मजल्यावर दोनशे माणसं बसतात. तीन-चार कालसर्पवाले सहज निघतील. त्यातला एक मॅनेजर निघाला तर?

हे सगळं त्याला ऐकवलं. म्हणाला, "अरे, करून टाकलं तर बिघडतं काय?"

म्हटलं, "टेस्ट न करता कोड प्रॉडक्शनला टाकला की तूच बोंबलतोस ना?"

"ते वेगळं रे.."

असो. शुक्रवारी रात्रीच निघाला तो. निदान तो फोटो तरी पुन्हा लावू नकोस म्हणावं.