साडेआठाचे पावणेपाच

संगीताची चित्रतबकडी लहान तबकडीवर उतरवून घेणे हे निव्वळ यांत्रिक काम, अशी आपली समजूत होती. माझे मत वेगळे आहे. ते संपादनाचे काम होते. आणि आपण संपादन करीत आहोत याचे भान न ठेवता आपल्यापैकी पुष्कळांनी ते केले.

गणित साधे होते. मैफलींच्या विकतच्या डीव्हीडी अनेकदा दुपदरी असत, म्हणजे सुमारे ८.५ जीबींच्या. घरी लिहिता येणाऱ्या साध्या कोऱ्या तबकडीत ४.७ जीबीच मावत. दुपदरी कोऱ्या तबकड्या २००४ मध्ये आल्या खऱ्या, पण त्या खिशाला परवडत नसत. तेव्हा जवळजवळ निम्मा ऐवज टाकणे भागच होते. प्रश्न एवढाच, की टाकायचे काय?

चित्रपटांच्या प्रती करताना आपल्याला एक सवय लागली होती : चित्र जपायचे आणि आवाजाला कात्री लावायची. मैफलीच्या तबकडीवर बहुधा दोन ध्वनिपट्ट्या असत. न दाबलेल्या पीसीएम पट्टीला तासाला सुमारे ६९० एमबी लागत, तर ४४८ केबीपीएसच्या डॉल्बी पट्टीला सुमारे २००. दोन तासांच्या मैफलीतून पहिली पट्टी वगळली की सव्वा जीबीहून अधिक जागा मोकळी होई, आणि ती चित्राला मिळे.

ख्यालगायनाच्या बाबतीत हा सौदा उफराटा आहे. गायक बैठक मोडत नाही, पार्श्वभूमी हलत नाही. एमपीईजी-२ पद्धतीत साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र साठवले जाते आणि मधल्या वेळात मुख्यतः बदल तेवढे नोंदले जातात. त्यामुळे असे स्थिर चित्र बरेच दाबले तरी फारसे बिघडत नाही. झगमगते दिवे, धूर आणि क्षणाक्षणाला बदलणारे कॅमेरे असलेल्या रॉक मैफलीचे चित्र मात्र तेवढ्याच दाबाखाली चौकटी-चौकटींनी फुटते. म्हणजे काय टाकावे याचे उत्तर संगीताच्या प्रकृतीत शोधायला हवे होते. आपण ते सवयीवर सोपवले.

‘कानाला फरक कळतो का?’ असे कोणी विचारील. पुष्कळदा कळत नाही, हे मान्य. परंतु तंबोऱ्याची जवारी आज ज्याला वेगळी ऐकू येत नाही, त्याला ती दहा वर्षांनी येऊ शकते. कान तयार होतो. टाकलेली पट्टी मात्र परत येत नाही.

हे मी स्वानुभवाने लिहितो आहे. एका ज्येष्ठ गायकाच्या मैफलीची प्रत करताना मी पीसीएम पट्टी वगळली आणि ‘जादा’ म्हणून त्यांची मुलाखतही गाळली. मूळ तबकडी कोणाला तरी ऐकायला दिली, ती परतली नाही. माझ्या प्रतीवरील रंगद्रव्याचा थर आता कडेकडून खराब होतो आहे. लेखन आतून बाहेर होत जाते, म्हणून मैफलीचा शेवट कडेला असतो. बडा ख्याल नीट वाजतो. भैरवीपाशी यंत्र अडते.

आज १ टीबीच्या हार्डडिस्कवर शंभराहून अधिक दुपदरी तबकड्या जशाच्या तशा मावतात. आता दाबण्याचे कारणच उरलेले नाही. तरीही तबकडी वाचणारे यंत्र घरात नाही, आणि ‘सगळे इंटरनेटवर मिळते’, म्हणून मूळ तबकड्या रद्दीत चालल्या आहेत. इंटरनेटवर मिळते तेही बहुधा कोणीतरी दाबलेले, गाळलेलेच असते. म्हणून विकत घेतलेल्या तबकडीची स्वतःपुरती प्रत करायची, तर ती संपूर्ण करावी : दोन्ही ध्वनिपट्ट्यांसह, मुलाखतीसह. आणि त्यानंतरही मूळ तबकडी, तिच्या पुस्तिकेसह, जपून ठेवावी. काय महत्त्वाचे होते हे आपल्याला नेहमी उशिराच कळते.