वीकेंड वर्कशॉप : बारावा तुकडा

आजोळचा वाडा पाडला, तेव्हा दाराच्या चौकटीचं थोडं सागवान आईने जपून ठेवलं होतं. ‘याचा बाऊल करून देतो,’ असं मी थाटात सांगून बसलो. रविवारी मित्राच्या वर्कशॉपमध्ये बारा तुकडे कापले, गोलात मांडले आणि बाराव्याशेजारी चक्क ४ मिलिमीटरची फट! लाकूड उरलं फक्त एका कड्यापुरतं. टेन्शन!

सेगमेंटेड वुडटर्निंग म्हणजे तुकडे चिकटवून कडी करायची, कड्यावर कडं रचायचं आणि मग लेथवर भांडं घडवायचं. बारा तुकड्यांच्या कड्यात प्रत्येक टोक १५ अंशांत कापायचं. टोकं २४. दर कटला अंशाचा फक्त दहावा भाग चुकला, तरी शेवटी २.४ अंशांचा घोटाळा. २०० मिलिमीटरच्या कड्यावर हीच ती फट.

मग १५ अंश तंतोतंत लावायचे कसे? लावायचेच नाहीत! अमेरिकन वुडटर्नर जेरी बेनेट यांच्या ‘वेजी स्लेड’ची हीच तर आयडिया. टेबल सॉच्या खाचेत सरकणारा प्लायवूडचा पाट घ्या. त्यावर ब्लेडच्या एकाच बाजूला दोन आडपट्ट्या. पहिली अंदाजे १५ अंशांत फिक्स करा. तिला गुण्याचा ३० अंशांचा कोपरा टेकवा (ड्रॉइंगवाल्यांचा मोठा, अचूक गुण्या बरं का), दुसऱ्या कडेला दुसरी पट्टी भिडवून आवळा. लाकूड आळीपाळीने दोन्ही पट्ट्यांवर कापायचं. एक बाजू १५.२ झाली, तर दुसरी आपोआप १४.८. बेरीज ३०च! आठ तुकडे हवेत? ४५चा कोपरा. सहा? ६०चा.

आता बोटांचं. स्टॉप-ब्लॉक ब्लेडच्या अलीकडे लावा, म्हणजे लांबी मोजून स्लेड पुढे गेल्यावर कापलेला तुकडा मध्ये अडकून उडणार नाही. लाकूड हाताने नको, क्लॅम्पने दाबा. आणि ब्लेड पूर्ण थांबल्याशिवाय तुकडा उचलायचा नाही. घाई असेल तर त्या दिवशी सिनेमाला जा.

पुढच्या रविवारी उरलेलं सागवान कापलं. ग्लू न लावता कडं मांडलं, रबर बँडने आवळलं आणि खिडकीसमोर धरलं. बाराही सांध्यांतून उजेडाची रेघ नाही! आईने नुसता हात फिरवला आणि म्हणाली, ‘चौकटीचंच ना?’

दोन पट्ट्यांपैकी एकही परफेक्ट नव्हती. दोघींचं मिळून जमलं, बास.