एका ओळीवर समाज तोलू नका



कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजावर लेख आला, की त्यात बाराव्या शतकातील यहुदी तत्त्वज्ञ आणि वैद्य मोशे बेन मैमोन ऊर्फ मैमोनिडीस यांचा एक दाखला बहुधा असतो. हिंदुस्थानातील यहुद्यांना धर्मशास्त्र ठाऊक नाही, ते फक्त शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, या आशयाची ती ओळ. तिच्या आधारे या समाजाला 'अर्धवट ज्यू' ठरवणे मला मान्य नाही. त्यात समाजावर अन्याय आहेच, मैमोनिडीस यांच्यावरही आहे.

ती ओळ १२०० च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील ल्युनेलच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात येते. पत्राचा विषय धर्मविद्येची जागोजागी झालेली पडझड हा आहे. त्यात कोकणाचे नाव नाही. मैमोनिडीस इकडे कधी आले नाहीत. त्यांच्या घराचा हिंदुस्थानशी संबंध होता तो व्यापाराचा, आणि तो फार महागात पडला. घर चालवणारा धाकटा भाऊ दाविद व्यापारासाठी निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. मैमोनिडीस वर्षभर अंथरुणाला खिळले. पुढे वैद्यकी हीच त्यांची उपजीविका झाली आणि ते सुलतान सलाहुद्दीनच्या दरबारापर्यंत पोहोचले.

शिवाय ती ओळ कोकणाला लागू आहे असे धरले, तरी तिच्यातून काय दिसते? हाताशी ग्रंथ नाही, शिकवायला रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, तरी अलिबाग-पेणच्या गावांतून या लोकांनी शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवला. गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. दर आठवड्याला एका दिवसाची कमाई सोडून पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या व्रताला अज्ञान कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, मैमोनिडीस शास्त्राचे कडवे अभ्यासक होते, त्यांना हे पटले नसते. अज्ञान त्यांना खुपत होते, हे खरेच. पण त्यावर त्यांनी केलेला उपाय पाहा. सामान्य माणसालाही सारे नियम एका जागी सापडावेत म्हणून त्यांनी सुबोध हिब्रूत 'मिश्ने तोरा' हा १४ भागांचा ग्रंथ रचला. यहुदी झालेल्या ओबद्या नावाच्या धर्मांतरिताने विचारले, प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असे मी म्हणू शकतो का? मैमोनिडीस यांनी पत्राने निःसंदिग्ध होकार दिला. अब्राहामचा मार्ग धरणारा प्रत्येक जण त्याचाच वंशज, असे त्यांचे म्हणणे.

ही दृष्टी विसरल्याची किंमत आपल्या माणसांनी मोजली आहे. १९६० च्या दशकात इस्रायलमधील रब्बी-मंडळाने तिथे गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी लावली. आंदोलन झाले, तेव्हा १९६४ मध्ये तिथल्या संसदेला सांगावे लागले, की हे सर्वार्थाने यहुदी आहेत. ज्यांच्याकडे शतकानुशतके ग्रंथच नव्हता, त्यांच्याकडे कागदी पुरावा मागणे हा कुठला न्याय?

हा समाज इथे दिल्लीतही आहे. हुमायून रोडवर १९५६ पासून ज्युडा हयाम सिनेगॉग उभे आहे. तिथे जमणाऱ्या मोजक्या कुटुंबांत मराठी बोलणारीही आहेत. मराठी बोलणाऱ्या यहुद्यांसाठीच एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. ग्रंथ लोकांच्या हाती देण्याचे मैमोनिडीस यांचेच काम त्यांनी मुंबईत केले. ते पुढे न्यायला हवे. साहित्य अकादमीचे मुख्यालय दिल्लीतच आहे. ल्युनेलच्या पंडितांना आणि ओबद्याला लिहिलेली अशी मैमोनिडीस यांची दोन्ही पत्रे अकादमीने मूळ हिब्रूवरून मराठीत, एकाच पुस्तकात आणावीत. आणि आपल्या दैनिकाला विनंती, की यापुढे पहिल्या पत्रातील ती ओळ छापाल, तेव्हा दुसऱ्या पत्राचा आशयही तिच्याशेजारी छापा.

– एक वाचक, मयूर विहार, दिल्ली