जुना रुपया मोडीत घालण्याआधी



चांदीचा भाव वाढला की देव्हाऱ्यातले, आजीच्या गाठोड्यातले जुने रुपये सराफाच्या काट्यावर जातात आणि त्यांचे पैंजण होऊन घरी येतात. अडचण असेल तर खुशाल विका. माझं म्हणणं एवढंच, की त्याआधी एक दिवस तो रुपया मुलाच्या हातात द्या. जमलं तर वर्गात आणा. स्वतः आणा हं, पोरांच्या दप्तराचा भरवसा नको.

बहुतेक घरांत निघतो तो राणीछाप. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. तोळा पाठ करून घेण्यापेक्षा तळहातावर ठेवला की कायमचा कळतो. १८६२ च्या रुपयावर व्हिक्टोरिया 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. दोन्ही शेजारी ठेवा, मधे काय घडलं ते मुलंच विचारतात.

पण खरी गंमत अंकुशी रुपयात आहे. हा पेशवाईतला, पुण्याच्या टांकसाळीचा. त्यावर अंकुशाची खूण आहे, पण अक्षरं फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं! शिवरायांच्या तांब्याच्या शिवराईवर मात्र स्वच्छ देवनागरीत 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति'. मग नंतर असं का? इंदुरीच्या मुलांना हा प्रश्न जास्तच बोचतो. ज्या किल्ल्याच्या दरवाजावरून ती रोज जातात तो दाभाड्यांचा, आणि खंडेराव दाभाडे १७१७ साली शाहू छत्रपतींचे सेनापती झाले. एवढं सैन्य असताना नाव दुसऱ्याचं?

उत्तर बाजारात आहे. बादशहाच्या नावाचा रुपया देशभर चालायचा, व्यापारी तो बिनबोभाट घ्यायचे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई मायदेशातल्या एकू या चांदीच्या नाण्यावर स्वतःचा चेहरा छापायचा. लढायांना पैसा कमी पडला तेव्हा त्याने जुने एकू परत मागवून त्यांच्यावरच नवा छाप मारला. पण पुढे १७३६ साली फ्रेंच कंपनीला पाँडिचेरीत रुपये पाडायची परवानगी मिळाली, तेव्हा तेही बादशहाच्याच नावाने पाडले गेले. पाठ्यपुस्तकातल्या 'सत्ता' या शब्दाला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

एक विनंती. नाणं चिंचेने, रांगोळीने घासू नका, अक्षरं झिजतात. कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा, छाप उठतो. शेतात नांगरताना नाणी सापडली तर मात्र ती आपली नव्हेत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची सापडलेली ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

आणि मुलांना छंद लागला म्हणून जत्रेतून 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' लिहिलेली हनुमानाची, रामदरबाराची नाणी विकत घेऊ नका. कंपनीने तशी नाणी कधी पाडलीच नाहीत. घरात आधीच असेल तर तेही वर्गात आणा, खऱ्या रुपयाशेजारी ठेवायला उपयोगी पडेल.